उरल्यासुरल्यावर जमलेली ओळख

फ्लोरिडाहून निघणाऱ्या क्रूझने आपल्यापैकी अनेक जण ग्रँड केमन बेटावर जाऊन आले असतील. तिथली ठरलेली सहल म्हणजे नॉर्थ साउंडमधला वाळूचा उथळ पट्टा. बोट थांबते, तुम्ही कमरेएवढ्या कोमट पाण्यात उतरता, मास्क आणि स्नॉर्केल लावून डोकं पाण्याखाली घालता, आणि राखाडी चादरी हलत याव्यात तसे स्टिंग्रे अंगाला घासून जातात. कोकणात या जातीच्या माशाला पाकट म्हणतात. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो, म्हणून तो हाताळताना जपावं लागतं. मग केमनचे रानटी पाकट माणसाच्या तळहातावरून खायला कसे शिकले?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १५०३ साली आपल्या चौथ्या सफरीत कोलंबसाला इथली दोन लहान बेटं दिसली. भोवती इतकी कासवं होती, की त्याने त्यांना ‘लास तोर्तुगास’, म्हणजे कासवांची बेटं, असं नाव दिलं. पुढे जहाजांवर ताजं मांस हवं म्हणून ही कासवं बेसुमार पकडली गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जवळपास संपली. मग केमनचे दर्यावर्दी कासवांच्या शोधात आधी क्यूबाकडे आणि नंतर निकाराग्वाच्या किनाऱ्यापर्यंत जाऊ लागले.

पाकटांची गोष्ट उलट दिशेने घडली, आणि तीही कुणी न ठरवता. बाहेरच्या समुद्रातून परतणारे कोळी प्रवाळाच्या भिंतीआड, शांत पाण्यात, मासे आणि शंख साफ करत. आतडी-कातडी पाण्यात टाकत. पाकट जमू लागले आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज म्हणजे जेवण, हे त्यांच्या अंगवळणी पडलं. १९८०च्या दशकात पाणबुडे त्यांना हाताने भरवू लागले. डायव्हिंगच्या मासिकांतून बातमी पसरली आणि कोळ्यांच्या कचऱ्याची जागा जगप्रसिद्ध झाली.

पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली असतं. तोंडाशी आलेला घास त्याला दिसत नाही. तो वासाने ओळखतो. म्हणूनच वाटाडे स्क्विडचा तुकडा सपाट तळव्यावर, अंगठा आत मिटून धरायला सांगतात. पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालायचं, कारण वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला तरच तो काटा मारण्याची भीती.

पण हे लाड फुकट नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की एरवी रात्री भक्ष्य शोधणारा हा मासा इथे दिवसा जागा असतो, थोड्याशा जागेत दाटीने राहतो, एकमेकांना चावतो. त्याआधीच्या एका अभ्यासात पर्यटकांमधल्या पाकटांच्या अंगावर जखमा आणि परजीवी जास्त आढळले, आणि रक्ताच्या तपासणीतही त्यांची प्रकृती उणी ठरली. दुसरीकडे, जिवंत पाकट बेटाला वर्षानुवर्षं उत्पन्न देतो, हेही लोकांना कळलं. त्यातूनच २०१३च्या निसर्गसंरक्षण कायद्याने केमनच्या पाण्यातल्या सर्व पाकटांना संरक्षण मिळालं. कासवांच्या वेळी असा विचार करायला कुणाला सवड झाली नव्हती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक प्रश्न छळतो. एखाद्या प्राण्याला आपण मारलं नाही, नुसतं सवयीचं गुलाम केलं, तर आपली जबाबदारी संपते का? मला वाटतं, ती तिथून सुरू होते. त्याचं जेवण आता आपल्या येण्याजाण्यावर टांगलेलं आहे.

तेव्हा नातवंडांना घेऊन जाल तर जरूर जा. कमी माणसं नेणारी, नियम सांगणारी बोट निवडा. फोटोसाठी कुणी पाकट पाण्याबाहेर उचलू लागला, तर स्पष्ट नाही म्हणा. तिथे त्याला मनाई आहे. आणि हा मासा माणसाजवळ का येतो, ते मुलांना पाण्यात उतरण्याआधी सांगा. उतरल्यावर ती ऐकणार नाहीत.