बुलेटच्या डाव्या कुशीतील खडखड

जुन्या बुलेटचा आवाज हा तिच्या मालकाच्या अभिमानाचा विषय असतो. त्यामुळे त्या ठोक्यांत मिसळलेली बारीक खडखड बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आल्यावर बहुतेकदा दोष इंजिनावर ढकलला जातो. पिस्टनचे काम निघाले, असे सांगून इंजिन उघडले जाते, हजारो रुपये खर्च होतात आणि गाडी परत आल्यावर खडखड जागच्या जागी असते. अशा वेळी डाव्या बाजूच्या आवरणातील प्रायमरी चेनकडे कोणी पाहिलेलेच नसते.

२०१० च्या सुमारापर्यंत तयार झालेल्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स स्वतंत्र असतात. इंजिनाची शक्ती क्लचपर्यंत नेण्याचे काम दुपदरी चेन करते. एकाच सिलिंडरच्या या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. त्यामुळे गाडी संथ रनिंगवर उभी असताना क्रँकची गती एकसारखी राहत नाही. चेन क्षणात ताणली जाते, क्षणात सैल पडते. ती झिजून लांबली असेल तर नेमकी याच वेळी खडखडते आणि किंचित अॅक्सिलरेटर दिला की आवाज विरतो. प्रायमरी चेनची ही पहिली खूण.

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, कानाने करावी. गाडी डबल स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये चालू ठेवावी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक आवरणावर आणि मूठ कानाजवळ धरली, तर आवाजाची जागा बऱ्यापैकी कळते. मात्र सैल कपडे आणि हात फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत. टॅपेटची टिकटिक उजव्या बाजूला ऐकू येते. पिस्टनचा ठोका सिलिंडरपाशी असतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो. फसगत येथेच होते, कारण चेनचा आवाजही तापल्यावर कमी होऊ शकतो. अॅल्युमिनियमची केसिंग पोलादी चेनपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून केवळ ‘गार असताना वाजते’ एवढ्यावर निर्णय देऊ नये, जागा पाहावी.

नंतर क्लच दाबून पाहावा. आवाज थांबला तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडे जातो. वाढला किंवा त्याचा पोत बदलला तर क्लचच्या प्लेटा अथवा हब तपासावे. काहीच फरक पडला नाही तर चेन संशयाच्या घेऱ्यात राहते, कारण क्लच दाबला तरी ती इंजिनाबरोबर फिरतच असते. त्याच आवरणात अल्टरनेटरही बसवलेला असतो. रोटरचा नट ढिला असेल किंवा रोटर स्टेटरला घासत असेल, तरी आवाज तिथूनच येतो. दोघांमध्ये सर्व बाजूंनी किमान ०.२ मिमी फट हवी.

खात्री करण्यासाठी इंजिन बंद करून आवरणावरील तपासणीचे झाकण उघडावे आणि चेन वर-खाली हलवून पाहावी. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून किकने इंजिन थोडे थोडे फिरवत अनेक ठिकाणी मोजावे. जिथे ती सर्वांत घट्ट असेल तिथे सुमारे ६ मिमी हालचाल असावी. अनेक जण सर्वांत सैल जागी मोजून चेन कसतात. खडखड त्याच दिवशी थांबते, मात्र गाडी तापल्यावर अतिरिक्त ताण क्रँक आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. सैल चेन निदान आवाज करून सूचना तरी देते!

टेन्शनरपर्यंत पोहोचण्यासाठी बाहेरचे आवरण काढावे लागते. ते निघालेच आहे तर आतल्या भिंतीवर घासल्याच्या रेषा आहेत का, स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकले आहेत का, क्लच हाताने डुगडुगतो का, हे पाहून घ्यावे. टेन्शनर शेवटपर्यंत वर आलेला असूनही चेन लोंबत असेल तर ती बदलणेच योग्य. चेन तुटल्यास आवरण फुटू शकते आणि अल्टरनेटरच्या ताराही तुटू शकतात.

जुन्या बुलेटमध्ये या आवरणातील ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळे असते, हे अनेकांना ठाऊक नसते. आवरणाचे रबरी सील गळके असेल तर पार्किंगच्या फरशीवर डाग पडत राहतात आणि आत चेन कोरडी फिरते. म्हणून आवरण बसवताना सील नवे घालावे, लेव्हलच्या स्क्रूपर्यंत ऑइल भरावे आणि गाडी एक फेरी फिरवून आणल्यावर, ती पुरती गार झाली की चेन पुन्हा एकदा मोजावी.