खुणांची साक्ष, आवाजाची साक्ष

अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांपुढे साक्षीदार उभा नसतो. असतो तो त्याच्या साक्षीचा कागद. स्वरातील कंप, हाताची खूण यांतले फारच थोडे त्या कागदावर उतरते. बलात्काराच्या खटल्यात पीडिता मूकबधिर असली, म्हणजे ही उणीव विशेष जाणवते.

वास्तविक १८७२ च्या पुरावा कायद्याने मार्ग मोकळा ठेवला होता. ज्याला बोलता येत नाही, त्याने भर न्यायालयात लिहून वा खुणांनी सांगितलेले तोंडी पुराव्यातच गणले जाई. पुढे १९५२ साली, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयात राजस्थानातील एका आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात स्पष्ट केले, की पीडितेच्या साक्षीला अन्य पुराव्याची जोड हवीच, असा कायद्याचा दंडक नाही. ती केवळ सावधगिरी होय.

असे असूनही हरियाणातील एका खटल्यात तेरा वर्षांच्या मूकबधिर मुलीची साक्ष घेतलीच गेली नाही. १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने इतर पुराव्यावर आरोपीची शिक्षा कायम केली खरी. पण मुलगी अल्पवयीन, त्यात मूकबधिर, तेव्हा तिला तपासून काही साधले नसते, असेही म्हटले. आरोपी सुटला नाही, म्हणूनच की काय, हा दोष फारसा कोणाच्या डोळ्यांवर आला नसावा. तिच्यावर गुदरलेला प्रसंग इतरांनी सांगितला. तिला मात्र कोणी विचारले नाही.

२०१३ च्या दुरुस्तीने अशा साक्षीला दुभाषी वा विशेष शिक्षकाचे साहाय्य आणि चित्रमुद्रण यांची तरतूद केली. खूण अपिलापर्यंत खूण म्हणूनच पोहोचण्याची सोय झाली.

२०२१ साली आंध्र प्रदेशातील एका जन्मांध तरुणीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. घटना २०११ ची. आरोपी तिच्या भावांच्या परिचयाचा, घरी येणारा. तिने त्याला आवाजावरून ओळखले होते. न्यायमूर्ती चंद्रचूड व न्यायमूर्ती शहा यांनी ती ओळख ग्राह्य धरली. जगाशी व्यवहार करण्याची रीत निराळी, एवढ्याने साक्ष दुबळी ठरत नाही, असा निर्वाळा देऊन त्यांनी जन्मठेप कायम केली.

तरुणी अनुसूचित जातीची होती. स्त्रीत्व, अंधत्व आणि जात यांचे जाच एकमेकांत गुंतलेले असतात, हे न्यायालयाने विस्ताराने मांडले. तरीही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा त्याला रद्द करावी लागली. कारण २०१६ पूर्वीच्या शब्दयोजनेप्रमाणे कृत्य जातीच्या कारणावरून झाले, हे सिद्ध करावे लागे, आणि तसा पुरावा दप्तरात नव्हता.