मजकुराचा थर आणि लिखित आज्ञा : चलत्-आरेखनातील एका प्रश्नाचा इतिहास

पडद्यावर हलणाऱ्या अक्षरांचा इतिहास सामान्यतः कलावंतांच्या नावांनी सांगितला जातो. सॉल बॅस याच्या शीर्षकचित्रांपासून त्याचा आरंभ करावा, जॉन व्हिटनी याने १९६० साली ‘मोशन ग्राफिक्स इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था काढून या कलेस नाव मिळवून दिले असे नमूद करावे आणि तेथून थेट दूरचित्रवाणीकडे वळावे, असा प्रघात आहे. तो चुकीचा नाही. परंतु त्यात एक प्रश्न मागे राहतो. अक्षराला रंग, आकार अथवा वळण देण्याचे काम हाताने न करता लिखित आज्ञेने करावयाचे झाल्यास, त्या आज्ञेने मजकुरातील नेमक्या कोणत्या घटकाला हाक मारावयाची? संपूर्ण मजकुराला, ओळीला, शब्दाला, की एकेका अक्षराला? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि देवनागरीपुरते पाहता तो अद्यापि पूर्णपणे सुटलेला नाही.

या क्षेत्रात आज्ञा आधी आली आणि हात नंतर आला, ही गोष्ट आज काहीशी चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमध्ये केन नोल्टन याने १९६३ साली ‘बेफ्लिक्स’ नावाची आज्ञाभाषा सिद्ध केली. आयबीएम ७०९४ या संगणकास छिद्रपत्रांवरून आज्ञा द्यावयाच्या आणि त्याने २५२ रुंद व १८४ उंच अशा चौकटींच्या जाळ्यात करड्या रंगाच्या आठ छटांनी चित्र भरून ते सूक्ष्मपटावर उतरवावयाचे, अशी ती योजना होती. चित्रकर्त्यास पडद्यावर बोट ठेवून काही दाखविण्याची सोयच नव्हती; जे सांगावयाचे ते लिहूनच सांगावे लागे. पुढे स्टॅन व्हॅन्डरबीक या चित्रपटकर्त्याने नोल्टनच्या सहकार्याने ‘पोएमफील्ड’ ही लघुपटांची मालिका १९६६ च्या सुमारास सुरू केली. तीत शब्द चौकटींच्या नक्षीतून उगवतात आणि पुन्हा तिच्यातच विरून जातात. त्यातील प्रत्येक अक्षर हे चौकटींचा एक पुंजका होता आणि आज्ञेचा अधिकार थेट चौकटीपर्यंत पोहोचत होता. अक्षराहून लहान घटकावर सत्ता, मात्र ती अत्यंत कष्टाने चालवावयाची, असे त्या काळाचे स्वरूप होते.

यानंतर दूरचित्रवाणी केंद्रांत अक्षरे उमटविणारी स्वतंत्र यंत्रे आली. त्यांचे कार्य मोठे असले तरी प्रस्तुत प्रश्नात त्यांनी फारशी भर घातली नाही.

निर्णायक वळण आले ते १९९३ साली. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील ‘कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट’ या लहानशा संस्थेने त्या वर्षीच्या जानेवारीत ‘आफ्टर इफेक्ट्स’ ही प्रणाली बाजारात आणली. त्याच वर्षी ती संस्था ऑल्डसने घेतली आणि १९९४ साली ऑल्डस अडोबीमध्ये विलीन झाली. या प्रणालीची मूळ कल्पना थरांची होती. एकावर एक पारदर्शक पत्रे ठेवावेत, तसे चित्रांचे थर रचावयाचे आणि प्रत्येक थराची गती काळाच्या पट्टीवर खुणा करून ठरवावयाची. हे सर्व काम हाताने, म्हणजे माऊसने होई. आरंभीच्या आवृत्त्यांमध्ये मजकुराला स्वतःचा थरही नव्हता. एखाद्या कोऱ्या थरावर प्रक्रिया लावून त्यातून अक्षरे काढावी लागत.

लिखित आज्ञेचा पुनःप्रवेश दोन पायऱ्यांनी झाला. २००१ सालच्या पाचव्या आवृत्तीत ‘एक्स्प्रेशन’ आले. थराच्या एखाद्या गुणाचे मूल्य हाताने न देता जावास्क्रिप्टच्या धर्तीवरील सूत्राने द्यावे आणि ते सूत्र चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीस नव्याने सोडविले जावे, असे त्याचे स्वरूप. दुसरी पायरी २००३ सालच्या सहाव्या आवृत्तीची. तीत मजकुराचा स्वतंत्र थर आला आणि ‘स्क्रिप्ट’ म्हणजे एकदाच चालवून काम उरकणारी आज्ञांची मालिकाही आली. (एकच इंग्रजी शब्द लिपी, पटकथा आणि आज्ञामालिका या तिन्हींस लागू पडतो, हा योगायोग मराठी वाचकाचा गोंधळ उडविणारा आहे, येथे तो शब्द केवळ शेवटच्या अर्थाने योजला आहे.)

दोन्ही गोष्टी एकाच आवृत्तीत आल्या, तरी त्यांची गाठ मात्र नीट पडली नाही. मजकुराच्या थरात माऊसने एखादे अक्षर निवडून ते तांबडे करणे पहिल्या दिवसापासून शक्य होते. स्क्रिप्टला ते शक्य नव्हते. पुढील आवृत्त्यांमध्ये टंक, आकार, रंग इत्यादी गुण स्क्रिप्टच्या कक्षेत आले. पण ते संपूर्ण थराचे गुण म्हणून. थरातील अक्षरांचे गुण परस्परांहून भिन्न असतील, तर स्क्रिप्टने विचारल्यावर केवळ पहिल्या अक्षराचा गुण सांगितला जाई आणि स्क्रिप्टने नवा गुण दिल्यास तो सर्व अक्षरांवर सरसकट बसे. उत्पादकाच्या मार्गदर्शिकेत हे स्पष्टपणे लिहिलेले होते. त्यास दोष न म्हणता मर्यादा म्हणणे योग्य ठरेल. तथापि ही मर्यादा किरकोळ नव्हती. एकाच ओळीत देवनागरी आणि रोमन असे दोन टंक योजलेले असतील, तर टंक बदलण्याची एक आज्ञा दोन्ही लिप्यांना एकाच टंकात कोंबीत असे. शेकडो नावांच्या श्रेयनामावलीत पदनाम बारीक व नाव ठळक ठेवावयाचे, एवढी साधी गोष्टही स्क्रिप्टला एका थरात साधत नसे.

यावर कारागिरांनी आडवाटा काढल्या. एका ओळीचे तुकडे करून प्रत्येक शब्दाचा वेगळा थर करणे ही त्यांतील सर्वांत सरळ वाट. मात्र तीत शब्दांमधील अंतर मोजून पुन्हा जुळविण्याचे काम स्क्रिप्टच्या लेखकावर पडे. दुसरी वाट अधिक चातुर्याची होती. मजकुराच्या थराला ‘अ‍ॅनिमेटर’ जोडता येई आणि त्याचा प्रभाव कोणत्या अक्षरांवर किती पडावा, हे एका सूत्राने ठरविता येई. ते सूत्र प्रत्येक अक्षरासाठी स्वतंत्रपणे चालविले जाई आणि हे कितवे अक्षर, एकूण अक्षरे किती, हे त्यास कळत असे. रंग, आकार, स्थान यांपुरते हे साधन पुरेसे होते; टंक बदलणे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होते. गतीसाठी निर्मिलेल्या साधनाकडून स्थिर मांडणीचे काम करून घेण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षे रूढ राहिला, यावरूनच उणीव किती खरी होती हे दिसून येते.

सतराव्या आवृत्तीत सूत्रांना मजकुराच्या शैलीवर अधिकार मिळाला. त्यांना कोणत्याही अक्षराची शैली वाचता येऊ लागली, परंतु वाचलेली शैली लावावयाची ती पुन्हा संपूर्ण थरालाच. वाचन अक्षराचे आणि लेखन थराचे, अशी ही विषम अवस्था होती. अखेर २०२४ सालच्या २४.३ या आवृत्तीत स्क्रिप्टला ‘कॅरेक्टर रेंज’ मिळाला. आरंभीचा व अंतिम क्रमांक सांगावा आणि तेवढ्याच अक्षरांचे गुण बदलावे. मजकूर मागाहून आखूड झाला आणि तो टप्पा त्याच्याबाहेर पडला, तर तो अवैध ठरतो, अशी सावधगिरीही त्यात आहे. २००३ पासून २०२४ पर्यंत एकवीस वर्षे हाताला जे सहज साधत होते, ते आता आज्ञेलाही साधू लागले.

पण क्रमांक कशाचे? रोमन लिपीत हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. तेथे डोळ्यांना दिसणारे अक्षर आणि संगणकाने मोजलेले चिन्ह यांची संख्या सहसा जुळते. देवनागरीत ती जुळत नाही. १९९१ सालचे ‘इस्की’ हे भारतीय मानक आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले युनिकोड या दोहोंनी व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्त यांना पृथक संकेतांक दिले. लेखनव्यवस्थेच्या दृष्टीने तो निर्णय विवेकाचा होता. त्यायोगे अनंत जोडाक्षरांना वेगळे संकेतांक देण्याची आपत्ती टळली. परिणामी ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो, तर संगणकाला दहा चिन्हांचा. स्क्रिप्टने सातव्या चिन्हापासून पुढे रंग बदलण्यास सांगितले, तर ती सीमा ‘ष’ आणि त्याच्या हलन्ताच्या मध्ये, म्हणजे ‘ष्ट्र’ या एकाच अक्षराच्या पोटात पडते. वाचणाऱ्याच्या लेखी तेथे सीमाच नाही.

अक्षरसीमेचा हा प्रश्न युनिकोडच्या मजकूर-विभाजनाच्या नियमांतही दीर्घकाळ अर्धवट होता. त्या नियमांनुसार स्वरचिन्ह व हलन्त आपापल्या व्यंजनास चिकटत, पण हलन्तानंतर नवे व्यंजन आले की विभाग तुटे. ‘महाराष्ट्र’ची त्यामुळे सहा शकले होत : म, हा, रा, ष्, ट्, र. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती आदी लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम समाविष्ट झाला आणि तेव्हा कोठे ती संख्या चारवर आली.

या नियमाचा लाभ स्क्रिप्टला आपोआप होत नाही. आफ्टर इफेक्ट्सच्या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिल्या जात आल्या, ती ‘एक्स्टेंडस्क्रिप्ट’ १९९९ सालच्या जावास्क्रिप्ट मानकावर उभी आहे आणि तिची मोजणी संकेतांकांची आहे, अक्षरांची नाही. म्हणून मराठी मजकुराला अक्षरशः रंगविणाऱ्यास सीमा स्वतःच शोधावी लागते. मजकुरावरून चिन्हाचिन्हाने पुढे जावयाचे. स्वरचिन्ह, अनुस्वार, विसर्ग अथवा हलन्त आढळल्यास ते मागील अक्षरात घालावयाचे. मागील चिन्ह हलन्त असून पुढे व्यंजन असेल, तर तेही त्याच अक्षरात जोडावयाचे. आणि अशा प्रत्येक अक्षराचे पहिले व शेवटचे क्रमांक काढून मगच ते ‘कॅरेक्टर रेंज’च्या स्वाधीन करावयाचे. दहा-पंधरा ओळींचे हे काम आहे. त्यात शून्यरुंदीचा जोडक आणि ‘ऱ्या’सारख्या शब्दांतील नुक्तायुक्त र यांचीही दखल घ्यावी लागते, ही गोष्ट पहिल्या प्रयत्नात बहुधा सुटते.