धाव

इतिहासाच्या मास्तराला उपयोगाचं असं कोणी काही विचारत नाही. गणिताच्या मास्तराला शेजारी व्याजाचा हिशेब विचारतात, विज्ञानाच्या मास्तराला फ्यूज का उडाला ते विचारतात. मला उभ्या नोकरीत शेजाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे 'उद्या कसली सुट्टी हो?' त्यामुळे मे महिन्यात डोळखांबहून भाच्याचा फोन आला, 'मामा, पिकपला टायर घ्यायचेत, तुमी संगती या,' तेव्हा माझा ऊर भरून आला.

'अरे, पण मला टायरमधलं काय कळतं?'

'कळाया काय लागतंय? तुमी नुसतं चष्मा लावून उभं ऱ्हावा. दुकानदार जरा दबून असतो.'

म्हणजे दुकानात आपला मामा होऊ नये म्हणून त्याला एक तयार मामा हवा होता. मी निघालो.

डोळखांब म्हणजे शहापूर तालुक्याचं आतलं अंग. नाशिकचा हमरस्ता आणि आसनगाव स्टेशन पाठीशी टाकून आत शिरलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि आजोबाचा डोंगर, नावाप्रमाणेच, काही न बोलता आपल्याकडे बघत असतो. उन्हाळ्यात इथे फुफाटा, पावसाळ्यात चिखल, आणि दोन्हींच्या खाली बाराही महिने काळा दगड. भाच्याची पिकप सकाळी भेंडी-काकडी घेऊन कल्याणच्या मार्केटला जाते. दुपारी सिमेंटचे पत्रे, संध्याकाळी लग्नाचं वऱ्हाड आणि भाद्रपदात गणपती. एकाच दिवसात तिला गुळगुळीत डांबर, उखडलेली खडी आणि भाताच्या खाचराचा बांध असे तीन मुलूख पार करायचे असतात. तिन्ही मुलुखांत चालेल असं पायताण तिला हवं होतं.

घरी पोचलो तर ओटीवर ताईचे सासरे, आबा, बसलेले. वय नव्वदीच्या आसपास. त्यांनी विचारलं, 'काय, धाव बदलायची म्हणता?'

मी थबकलो. बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपल्या मराठीत 'धाव' म्हणतात. इंग्रजांनी त्या वस्तूला टायर म्हटलं. आपण मात्र चाकाची धावच तिच्यात आहे हे ओळखून सरळ क्रियेचंच नाव दिलं. एवढा नेमका शब्द घरात असताना आपण टायर टायर करत बसलो, याचं मला मास्तर म्हणून वाईट वाटलं.

आबांनी मग धाव कशी चढवत ते सांगितलं. मधे लाकडाचा तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांवर पुठे. लोहार धाव करायचा ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की लोखंड फुगतं. दोघातिघांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. चर्रर्र आवाज होऊन धाव आवळली की सगळे सांधे असे घट्ट बसत की खिळ्याची गरज नाही. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली व्हायची, तेव्हा चाकं डोहात भिजत घालायची. 'तुमच्या टायरला हवा, आमच्या चाकाला पाणी,' आबा म्हणाले. एखादं चाक गरगरताना लंगडलं तर सुतार ते आखावर हातानं फिरवून बघे आणि जड बाजू तासून काढी. तेव्हा त्याला बॅलन्सिंग म्हणत नसत, कारण त्याचं वेगळं बिल नसे.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. या मुलखात चाक फार उशिरा आलं. शेजारच्या मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याहून नाणेघाट चढतो. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल या वाटेनं जुन्नरला जाई. वर लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर एक दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. घाट मात्र पायऱ्यांचा. त्यावरून चाक जाणं शक्य नाही. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्याखांद्यावर. थोडक्यात, आपल्याकडे टोलनाका आधी आला आणि गाडी नंतर.

मग इंग्रजांची आगगाडी आली. १८५५ साली ती कल्याणहून वासिंदला पोचली, १८६० साली आसनगावला, १८६१ साली कसाऱ्याला आणि १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक. तिला चिखल ठाऊक नाही की खड्डा ठाऊक नाही. पण रूळ गेले ते गेले आपल्या वाटेनं. डोळखांबचं भात आणि गवत बैलगाडीतच राहिलं, आणि चांगला बैल हवा तर माणसं पौषात म्हशाच्या जत्रेला चालत राहिली.

रबरी टायरची कथा तर मला फार जवळची, कारण तिच्यात सगळ्यांना उशिरा न्याय मिळाला किंवा मिळालाच नाही. कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन माणसानं १८३९ साली त्यात गंधक घालून तापवलं आणि ते टिकाऊ केलं. हा गृहस्थ १८६० साली कर्जबाजारी होऊन वारला. त्याच्या नावाची कंपनी १८९८ साली दुसऱ्यांनीच काढली. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ सालीच घेतलं होतं, पण तेव्हा सायकल नव्हती, मोटार नव्हती. लोक त्याला विसरले. पुढे १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉपनं तेच पुन्हा शोधलं. हा डनलॉप जनावरांचा डॉक्टर. पोराची तीनचाकी फरसबंदीवर खडखडते म्हणून त्यानं तिच्या चाकांना हवेची नळी गुंडाळली. पेटंट मिळालं, कंपनी निघाली, आणि मग कोणीतरी थॉमसनचा जुना कागद काढला. डनलॉपचं पेटंट रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं, इतकं की आपल्या देशात बैलगाडीला रबरी चाकं लागली तेव्हा तिलाही लोक डनलॉप म्हणू लागले. बेलफास्टचा डॉक्टर शेवटी जनावरांच्याच कामाला आला.

डोळखांबसारख्या गावांना खरी रबरी धाव दिली ती जीपनं. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. लष्करी जीपच्या टायरची नक्षी पुढूनमागून सारखीच असे. गाडी गेली की आली हे ठशावरून शत्रूला कळू नये म्हणून, असं सांगतात. आमच्याकडच्या जीपमध्ये पुढे किती नि मागे किती बसलेत हेही कळत नसे, पण त्यात शत्रूचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही टायरच्या दुकानात गेलो. दुकान कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे वाचाल. भाच्यानं पाहताक्षणी एका टायरवर हात ठेवला. हे मोठाले ठोकळे, मधे बोटभर खोल चर, जणू काय मगरीची पाठ. दुकानदार म्हणाला, 'चिखलाचा राजा आहे.' राजा खराच, पण राज्याबाहेर त्याची पंचाईत. सुटे सुटे ठोकळे डांबरावर घोंघावतात, लवकर झिजतात, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावला की गाडी उशिरा थांबते. उलट साध्या रस्त्याच्या टायरचे चर अरुंद. डांबरावर तो गुपचूप चालतो, पण चिखलात चर भरले की त्याचा गुळगुळीत गोटा होतो. आम्हाला हवा होता मधला, ज्याला दुकानात 'ऑल टेरेन' म्हणतात. चर मध्यम, खांद्याशी मोकळे, म्हणजे चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. आणि कुशी जाड, कारण आमच्या खडीत टायर मरतो तो तळव्याला खिळा लागून नव्हे, कुशीला दगड कापून. तळव्याचं पंक्चर निघतं, कुशीचं नाही. मधल्या माणसाला कोणी राजा म्हणत नाही, पण संसार त्याच्यावरच चालतो.

मग दुकानदारानं टायरवरचा मंत्र वाचून दाखवला. '२१५/७५ आर १५, आठ पीआर.' मला एकदम उत्साह आला. हा तर शिलालेखच! २१५ मिलिमीटर रुंदी. रुंदीच्या ७५ टक्के कुशीची उंची. आर म्हणजे रेडियल, ज्याच्या आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. ही युक्ती मिशेलिननं १९४६ साली पेटंट केली. १५ इंचांची रिम. आणि आठ पीआर म्हणजे ओझं पेलायची ताकद. टायर विकणाऱ्याच्या तोंडात नेहमी नक्षी असते, पण भेंडीची पोती नक्षीवर बसत नाहीत, या आठावर बसतात.

मी चष्मा पुसून तो लेख पुढे वाचत गेलो. कडेला एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते. ३२२०.

'हे काय?'

'तो कंपनीचा नंबर असतो साहेब,' दुकानदार म्हणाला, पण जरा घाईनं.

उभ्या आयुष्यात सनावळीनं माझा असा सन्मान कधी केला नव्हता. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २०२० सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा. हा 'नवा कोरा' टायर पाच वर्षं माळ्यावर पडून होता! रबर न वापरताही म्हातारं होतं, कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. मी दुकानदाराला एवढंच म्हणालो, 'हा टायर आमच्या शाळेत वस्तुसंग्रहालयाला द्या.' भाच्यानं त्या दिवशी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी कधी कुठल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो आणि त्याच वर्षीचे चार मधले टायर घेतले.

बॅलन्सिंग करून घ्यायला भाचा तयार नव्हता. 'आपल्या रस्त्याला कसलं आलंय बॅलन्सिंग?' त्याला हिशेब घालून दाखवला. हे चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ताशी ८० किलोमीटरला सेकंदात दहा फेऱ्या. रिमच्या एका बाजूला नुसते ३० ग्रॅम जास्त असले, तरी त्या वेगात ते सव्वादोन किलोच्या जोरानं चाक ओढतात, एका सेकंदात दहा वेळा, दहा दिशांना. स्टिअरिंग थरथरतं, टायर एका जागी खरवडतो, बेअरिंग जातं. भाचा म्हणाला, 'म्हंजे घरात एकच माणूस सारखं कुरकुर करत असलं की जसं होतं, तसं.' इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं. शिशाचे छोटे तुकडे लावून चारही चाकं समजुतीला आणली.

जूनमध्ये त्याचा फोन. 'मामा, गाडी परत थरथरतीया. तुमचं बॅलन्सिंग गेलं.' पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला खाचराचा मूठ मूठ चिखल वाळून बसलेला. दोन बादल्या पाण्यानं सगळं बॅलन्सिंग परत आलं. आबांची डोहातली चाकं मला आठवली.

हे सगळं गमतीचं वाटत होतं ते जुलैतल्या एका रात्रीपर्यंत. अडीच वाजता आतल्या एका पाड्यावरून भाच्याला फोन आला. बाळंतीण अडली होती. पाड्याला रस्ता नाही. चौघांनी बांबूला चादर बांधून डोली केली आणि पावसात निघाले. एरवी गाडी डांबर संपतं तिथे थांबते आणि डोली तिथवर येते. त्या रात्री भाच्यानं गाडी डांबर सोडून चिखलात घातली. टायर फिरले, घसरले, चर भरले आणि मोकळे झाले. ओढ्याच्या अलीकडे तो पोचला. पलीकडे जाता येणं शक्यच नव्हतं. डोलीची वाट निम्मी झाली. पहाटे शहापूरच्या रुग्णालयात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

'टायरनं काम केलं मामा,' तो म्हणाला. मी गप्प होतो. याच तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्याचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला. आणि त्याच तालुक्यातली बाई रुग्णालयाकडे निघते ती नाणेघाटातल्या मालासारखी, माणसाच्या खांद्यावरून. आपल्याकडे जादा चाकाला स्टेपनी म्हणतात. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ साली असं चाक विकायला निघालं, त्या रस्त्याचं हे नाव. चार चाकांपैकी एक दगा देईल म्हणून पाचवं जवळ ठेवायचं. आमच्या पाड्यांवर चारही चाकं पोचत नाहीत, म्हणून तिथे चार खांद्यांची स्टेपनी आहे. दोन हजार वर्षं झाली, अजून तीच वापरात आहे.

आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'धाव चांगली घेतलीत. आता वाट घ्या.' वाट दुकानात मिळत नाही, आणि तिच्यासाठी नुसता चष्मा लावून उभं राहणारा मामा पुरत नाही. तिचे अर्ज लिहायला मात्र मी बसलो आहे. इतिहासाच्या मास्तराचं अक्षर चांगलं असतं.

काल पुन्हा भाच्याचा फोन होता. 'मामा, स्टेपनीचा टायर जुनाच आहे, तो पण बदलू का?'

म्हटलं, 'बदल. पण आधी त्या चार आकड्यांचा फोटो पाठव.'