हरकत नेमकी कशाला?

आमच्या गल्लीच्या टोकाला बगिच्यासाठी राखीव प्लॉट आहे. आरक्षण बदलून तिथं घरं बांधायचा प्रस्ताव आलाय. परवा हरकतीचा अर्ज सहीसाठी माझ्याकडे आला.

मंडळी, थोडं मागे जाऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या हटवून हवेशीर रस्ते, घरं करायला १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याच्या आखीव गल्ल्या त्याच्याच. म्हणजे त्याही कधीकाळी नवी वस्तीच होत्या! पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा आला. आज लागू असलेल्या १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात आरक्षण बदलण्याआधी लोकांच्या हरकती मागवाव्याच लागतात. मुदत एक महिना.

अर्जातले पाणी, गटार, अरुंद रस्ता हे मुद्दे रास्तच. नळाला आत्ताच दिवसाआड पाणी येतं. पण शेवटी लिहिलं होतं, ‘बाहेरचे लोक येतील.’ तिथं अडलो. १९८६ ला वडिलांनी इथं घर बांधलं, तेव्हा जुन्या पेठेतले लोक आम्हालाच ‘बाहेरचे’ म्हणायचे.

ती ओळ खोडायला लावली, मगच सही केली. शेजारचे काका तेव्हापासून बोलत नाहीत. असो. हरकत गटाराला घ्या, माणसाला नको.