समुद्र नसलेल्या वऱ्हाडात किनाऱ्यावरचे पक्षी काय करतात?

हिवाळा सुरू झाला की इन्स्टाग्रामवर फ्लेमिंगोंचे रील्स फिरू लागतात. ठाण्याच्या खाडीत बोट, मागे कांदळवन आणि पाण्यावर गुलाबी रेघ. अमरावती किंवा अकोल्यात बसून हे पाहणाऱ्याला वाटतं, असं काही बघायचं तर रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागणार. आपल्याकडे खारं पाणी आहे, पण ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरींमध्ये!

फ्लेमिंगोंसाठी मुंबई बरीच. पण खाडीच्या चिखलात चोच खुपसून फिरणाऱ्या पक्ष्यांपैकी कितीतरी जाती दरवर्षी अमरावती, अकोल्याच्या तलावांवरही उतरतात. टिलवे, तुतवार, चिखले, शेकाटे, पाणलावे. त्यांना बघायला शहरातून अर्धा तास काढला तरी पुरतो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत हे पक्षी येतात कशासाठी? आणि ते बघायला जायचं तर कुठे, कधी, कोणाबरोबर?

वर्षातून एकदा येणारी ओहोटी

किनाऱ्यावरच्या पाणथळ जागेचं सगळं गणित भरती-ओहोटीवर चालतं. पाणी दिवसातून दोनदा मागे सरतं, चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, गोगलगायी, शिंपले, अळ्या खायला पक्षी जमतात. पुन्हा भरती आली की ते उठून कोरड्या जागी जाऊन बसतात. म्हणूनच ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो सफारीच्या बोटींची वेळ घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावर ठरते. वन विभागाच्या ऐरोलीतल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून या बोटी सुटतात. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. तिथेही पाण्याची वेळ पाहावीच लागते.

वऱ्हाडातल्या तलावांनाही ओहोटी असते, फक्त ती वर्षातून एकदा येते. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ भरलेला असतो. त्यानंतर शेताला पाणी सुटतं, शहराला पाणी जातं, ऊन वाढतं आणि पाणी हळूहळू मागे सरकतं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोज थोडा थोडा नवा चिखल उघडा पडत राहतो. सहा-सात महिने चालणारी ही संथ ओहोटीच पाणपक्ष्यांना वऱ्हाडात टिकवून धरते.

एकाच चिखलात इतक्या जाती कशा जेवतात, याचं उत्तर चोच आणि पाय देतात. टिलव्याची चोच आखूड, तो वरच्या थरातलं टिपतो. पाणलाव्याची चोच लांब आणि सरळ, ती मऊ गाळात खोलवर जाते. शेकाट्या उंच गुलाबी पायांवर पोटरीभर पाण्यात उभा राहतो. चिखल्या चोच खुपसतच नाही. तो नजरेने शोधतो, चार पावलं पळतो, थांबतो आणि टिपतो. पाणी थोडं मागे सरकलं की हे सगळे आपापल्या पट्ट्यात पुढे सरकतात. अर्धा तास एका जागी बसून बघितलं तर हे पट्टे दुर्बिणीशिवायही लक्षात येतात.

छोटा टिलवा जेमतेम तीसेक ग्रॅमचा, म्हणजे चिमणीएवढ्या वजनाचा. तो वीण करतो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात. तिथून भारतात येताना तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग वापरतो. सायबेरियापासून हिंद महासागरापर्यंत पसरलेला हा मार्ग सुमारे 30 देशांवरून जातो. काही पक्षी थेट किनारा गाठतात, काही वाटेतल्या तलावांवर थांबतात आणि काही अख्खा हिवाळा तिथेच काढतात. इतक्या लांबच्या प्रवासात भरल्या पोटाने थांबायला जागा मिळणं ही चैन नव्हे. ती मिळाली नाही तर पुढचं उड्डाण जमत नाही.

कोणत्या तलावावर जायचं?

अमरावती शहरातच दोन तलाव आहेत, वडाळी आणि छत्री. दोन्ही ब्रिटिश काळात शहराला पाणी देण्यासाठी बांधलेले. आज शहराची तहान मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण भागवतं, आणि हे दोन तलाव फिरायला येणाऱ्यांचे झाले आहेत. पहिल्यांदाच पक्षी बघणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. टिबुकली, पाणकावळा, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, खंड्या हे पक्षी माणसांना सरावलेले असल्यामुळे जवळून दिसतात. ‘वारकरी’ हे नाव ऐकून नवखे हसतात. पण काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा बघितला की नाव कुठून आलं ते कळतं.

शहराच्या पाठीशी पोहरा-मालखेडचं जंगल आहे. तिथल्या मालखेड तलावावर पाणपक्षी आणि रानपक्षी एकाच सकाळी दिसतात. जयंत वडतकर आणि राजू कसंबे या अभ्यासकांनी 2002 मध्ये या राखीव जंगलातल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली होती. म्हणजे या भागात पक्षी बघणं हे आजचं फॅड नाही. मात्र या जंगलात बिबट्या आहे. पहाटे एकट्याने काठावर जाऊन बसण्याचं धाडस इथे करू नये.

मोठं पाणी बघायचं तर अप्पर वर्धाचा जलाशय, म्हणजेच नल-दमयंती सागर. तो इतका पसरलेला आहे की पक्षी लांब राहतात आणि साध्या दुर्बिणीला ठिपकेच दिसतात. जुन्या मंडळींपैकी कोणी स्टँडवरची मोठी दुर्बीण आणली असेल तर तिथे जाण्यात मजा. चक्रवाक आणि पट्टकादंब अशाच मोठ्या पाण्यावर येतात. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. हिमालय ओलांडताना हा पक्षी 7,000 मीटरपेक्षा जास्त उंचीवरून उडाल्याची नोंद आहे.

अकोल्याच्या लोकांसाठी सगळ्यात जवळचा पर्याय पातूर रस्त्याकडचा कापशी तलाव. उथळ काठ असल्याने पाणी उतरलं की इथे चिखल भरपूर उघडा पडतो. दुसरा पर्याय काटेपूर्णा अभयारण्य. महानच्या धरणाभोवतीचं हे सुमारे 73 चौरस किलोमीटरचं जंगल 1988 मध्ये अभयारण्य झालं. अकोला शहराचं पिण्याचं पाणी याच धरणातून येतं. इथे प्रवेशाला वन विभागाची परवानगी आणि शुल्क लागतं, आणि जाता-येता चौशिंगा दिसण्याची शक्यता असते.

थोडं लांब जायची तयारी असेल तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार आहेच. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातलं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. त्यामुळे वऱ्हाडात बसून खाऱ्या पाण्याची पाणथळ जागा बघायची हौस तिथे फिटते.

भ्रमंतीत नेमकं काय होतं?

अशा बहुतेक भ्रमंत्या इथे हौशी निसर्गप्रेमी संस्था काढतात, तेही बऱ्याचदा रविवारी सकाळी. अमरावतीत वाइल्डलाइफ अँड एन्व्हायर्न्मेंट कन्झर्व्हेशन सोसायटी हे त्यातलं परिचित नाव. राज्य पातळीवर ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ ही संघटना अशा गटांना जोडते. नव्या माणसासाठी सगळ्यात सोयीचा काळ 5 ते 12 नोव्हेंबर. मारुती चितमपल्ली यांचा वाढदिवस 5 तारखेला आणि सलीम अली यांचा 12 तारखेला. त्या दोघांच्या नावाने राज्य सरकारने 2020 पासून हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून जाहीर केला आहे. चितमपल्लींच्या वन खात्यातल्या नोकरीचा काही काळ मेळघाटात गेला होता, त्यामुळे अमरावतीकरांना ते आपलेच वाटतात.

सूर्य उगवण्याआधी काठावर पोहोचायचं. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू धरायची, नाहीतर समोरचं प्रत्येक बदक काळंच दिसतं. अंगावर मातकट किंवा हिरवट कपडे. दुर्बीण नसेल तरी चालतं, गटात दोन-तीन असतातच. घ्यायचीच असेल तर 8×42 किंवा 10×42 ची घ्यावी. त्याहून मोठी हातात धरली की चित्र हलतं.

सोबतचा जाणकार नावं सांगतो, पण चांगला जाणकार आधी सवयी दाखवतो. शेपटी सतत वरखाली करतोय तो धोबी. पाण्यात बुडून भलतीकडेच वर येते ती टिबुकली. पाण्याबाहेर फक्त सापासारखी मान दिसते तो तिरंदाज. आणि सगळ्यात उपयोगी माहिती पुष्कळदा काठावर जाळं सोडवत बसलेल्या भोयाकडे मिळते. पक्ष्याचं पुस्तकातलं नाव त्याला माहीत नसेल, पण काल संध्याकाळी थवा कुठे बसला होता हे तो अचूक सांगतो.

मराठी नावांचा घोळ मात्र आहे. एकाच पक्ष्याला पुण्यात एक, चंद्रपुरात दुसरं आणि पुस्तकात तिसरं नाव. त्यावर वाद घालण्यात सकाळ घालवू नये. ईबर्डसारख्या अॅपवर शास्त्रीय नावाने नोंद केली की काम भागतं.

दोन गोष्टी सक्त टाळायच्या. पहिली, ओल्या गाळात पुढे जाणं. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसणारा धरणाचा गाळ आतून मऊ असतो आणि माणूस गुडघ्याच्या वर रुतू शकतो. दुसरी, फोटोसाठी थवा उठवणं. थवा उडतानाचा व्हिडिओ रीलवर छान दिसतो, लाइक्सही मिळतात. पण परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असलेल्या पक्ष्याचं तेवढं खाणं बुडतं आणि उडण्यात साठवलेली ताकदही खर्च होते. दिवसातून पाच गट येऊन पाच वेळा थवा उठवत असतील, तर तो तलाव त्या पक्ष्यांच्या कामाचा राहत नाही. घरट्याचं लोकेशन पोस्टमध्ये टाकणं हाही त्याच जातीचा अपराध.

उन्हाळ्यात याची जास्त काळजी लागते. पाणी उतरलं की जलाशयात छोटी बेटं वर येतात आणि नदी सुरय तिथे उघड्यावर, वाळूत अंडी घालतो. भोवती पाणी असेपर्यंत अंडी सुरक्षित. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, ढोरं, माणसं सगळेच तिथे चालत पोहोचतात. उतरलेल्या जमिनीवर गाळपेर होते, टरबुजं आणि भाजीपाला निघतो. ज्याचं पोट त्यावर आहे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण भ्रमंतीला गेलेल्या माणसाचं तिथे काहीच अडलेलं नसतं. त्याने बेटावर जाऊ नये.

कायद्याच्या नजरेत ही पाणथळ जागा आहे का?

इराणमधल्या रामसर शहरात 1971 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात पाणथळ जागेची व्याख्या मोठी मोकळी आहे. नैसर्गिक असो की माणसाने बांधलेली, गोड्या पाण्याची असो की खाऱ्या, ती पाणथळच. भारत या करारात 1982 मध्ये सामील झाला.

देशातले पाणथळ जागांचे नियम मात्र 2017 मध्ये बदलले. त्यानुसार नदीचं पात्र आणि भातखाचरं यांच्याबरोबरच पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मीठ तयार करण्यासाठी किंवा करमणुकीसाठी खास बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले आहेत. याआधीच्या 2010 च्या नियमांतल्या व्याख्येत जलाशय आणि तलाव होते.

आता वरची यादी पुन्हा वाचा. वडाळी, छत्री आणि कापशी बांधले ते पिण्याच्या पाण्यासाठी. अप्पर वर्धा सिंचन आणि पाणीपुरवठ्यासाठी. या तलावांवर हजारो किलोमीटर उडून पक्षी आले तरी 2017 च्या नियमांचं संरक्षण त्यांना आपोआप मिळत नाही. काटेपूर्णा वाचतं ते अभयारण्य म्हणून, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे. लोणारही अभयारण्य आहे, शिवाय 2020 मध्ये ते रामसर यादीत गेलं. किनाऱ्यावर निदान कांदळवनं आणि सागरी किनारा क्षेत्राचे नियम आहेत. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर स्थळ.

याचा परिणाम रोजच्या गोष्टींत दिसतो. काठावर बेशरमाची झुडपं माजली, जलपर्णीने पाणी झाकलं, सुशोभीकरणात उथळ काठ तोडून उभी दगडी भिंत घातली, की पक्ष्यांचा चिखल संपतो. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात फसवी. भिंत, दिवे आणि जॉगिंग ट्रॅक आला की तलाव ‘सुधारला’ असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी उतरलं तरी चिखल उघडा पडायला उतारच उरत नाही. बदकं थोडीफार येतात, टिलवे येत नाहीत.

बांधलेला तलाव म्हणजे संरक्षण अशक्य, असंही नाही. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर हे गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेलं पाणी; महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ तेच ठरलं. तिथे वर्षानुवर्षांच्या पक्षी नोंदी हाताशी होत्या. रामसरच्या निकषांत आकडे लागतात: नियमितपणे 20,000 पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी त्या जागेवर असणं. वऱ्हाडातल्या छोट्या तलावांना हे आकडे गाठणं कठीण आहे. पण अभयारण्याचा प्रस्ताव असो, महापालिकेच्या सुशोभीकरणावर हरकत असो की न्यायालयातली याचिका, ‘इथे खूप पक्षी येतात’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. किती, कोणते, कोणत्या महिन्यात, किती वर्षं, हे कागदावर लागतं.

हा कागद रविवारच्या भ्रमंत्यांतूनच तयार होतो. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. ओळख पटवणारा एक जाणकार, मोजणारा एक आणि लिहिणारा एक असे तिघं एका तलावाला पुरतात. मोठा थवा मोजताना दहा पक्ष्यांचा एक गठ्ठा डोळ्यांत बसवायचा आणि तसे किती गठ्ठे होतात ते बघायचं. टिबुकल्या आणि बगळे नेहमीचेच म्हणून सोडायचे नाहीत. आणि एखाद्या तलावावर काहीच दिसलं नाही, तर तारीख घालून शून्यही लिहायचं.