एक खिडकी आणि एकशे ऐंशी पोरं

परवा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत असतो. नमस्कार, चहा, घरच्यांची चौकशी वगैरे झाल्यावर मी सहज विचारलं, "अरे, पण तू तिथं नेमकं करतोस तरी काय?" तर म्हणतो कसा, "सर, मी वेबसाइट पाडतो!"

मी बघतच राहिलो. वर्गात हा पोरगा इतका गरीब, बाकावरची दौतसुद्धा पाडत नसे.

मग त्यानं समजावून सांगितलं. नवीन वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याआधी तिच्यावर किती माणसं एकदम आली तर ती तग धरेल, हे तपासावं लागतं. खरी माणसं गोळा करता येत नाहीत, म्हणून संगणकातच हजारो खोटी माणसं तयार करायची आणि त्यांना एकदम आत सोडायचं. याला लोड टेस्टिंग म्हणतात. "लोकांनी पाडायच्या आधी आम्हीच पाडून बघतो सर, म्हणजे कुठं मोडतं ते कळतं."

तो गेला आणि मला १९९१ चा जून आठवला.

तेव्हा मी आपल्याच जिल्ह्यात तालुक्याच्या एका शाळेत होतो. दहावीचा निकाल लागला की गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला वाटायचं काम त्या वर्षी माझ्याकडं होतं. मी फळ्यावर सूचना लिहिली: सर्वांनी सोमवारी अकरा वाजता यावे. एकशे ऐंशी पोरं आली. खिडकी एक, लेखनिक एक, रजिस्टर एक. दाखला लिहायचा, सही घ्यायची, शिक्का मारायचा. एका मुलाला तीन मिनिटं तरी हवीतच. एकशे ऐंशी गुणिले तीन म्हणजे पाचशे चाळीस मिनिटं, नऊ तास. शाळा अकरा ते पाच, सहा तास. मी इतिहास शिकवायचो हे खरं, पण हे गणित काही चौथीच्या पुढचं नव्हतं. ते मी केलंच नाही.

शिवाय रेटारेटी सुरू झाल्यावर तीन मिनिटांचं काम पाच मिनिटांवर गेलं. लेखनिक बिचारा एकीकडं लिहायचा आणि एकीकडं पोरांना ओरडून मागं सारायचा. त्या गर्दीत लांबच्या खेड्यावरची एक मुलगी होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात अर्ज देण्याची शेवटची तारीख. तिच्या गावची शेवटची एसटी साडेचारला सुटायची. चार वाजता ती खिडकीकडं बघत बघत दाखला न घेताच निघाली. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

तर मंडळी, हे गणित जगात पहिल्यांदा नीट मांडलं कुणी? आपल्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायची पद्धत आहे, पण ही गोष्ट जर्मनीच्या शेजारच्या डेन्मार्कची. आग्नर एर्लांग नावाचा एक गृहस्थ, जन्म १८७८. वडील शाळामास्तर आणि हाही आधी काही वर्षं शाळामास्तरच (मला उगीचच अभिमान वाटला!). १९०८ साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढं प्रश्न असा की तारा किती टाकायच्या? प्रत्येकासाठी एक टाकली तर दिवाळं निघेल, कमी टाकल्या तर लोक ताटकळतील. एर्लांगनं १९०९ साली त्यावर पहिला लेख लिहिला आणि १९१७ साली सूत्रं दिली. पुढं टेलिफोनवरचा भार मोजायच्या एककालाच 'एर्लांग' हे नाव पडलं. त्याच नावाची एक संगणकभाषाही आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपची यंत्रणा तिच्यावर उभी आहे. म्हणजे रोज सकाळी आपण जे सुप्रभात एकमेकांवर लादतो, त्याचा भार या मास्तराच्या नावावर चालतो. असो.

१९६१ साली जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकानं आणखी एक सोपा नियम सिद्ध केला. दर सेकंदाला किती माणसं येतात आणि प्रत्येकाला आत किती सेकंद लागतात, यांचा गुणाकार केला की एका वेळी आत किती माणसं असतील ते कळतं. बस, एवढंच.

हा नियम मी १६ जुलै २०२१ ला लावून बघितला. त्या दिवशी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल होता. कोरोनामुळं परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल, ९९.९५ टक्के पास. सुमारे पावणेसोळा लाख मुलं आणि वेळ जाहीर केलेली: दुपारी एक. एक वाजला आणि संकेतस्थळ बसलं, ते पार संध्याकाळपर्यंत. आता यात माझा अंदाज घाला. समजा त्यातली आठ लाख मुलं पहिल्या दहा मिनिटांत आली. म्हणजे सेकंदाला तेराशेच्या वर. पान उघडायला तीन सेकंद लागले तर एका वेळी आत चार हजार. पण गर्दीनं यंत्र मंदावलं आणि तेच पान तीस सेकंद घेऊ लागलं की आत चाळीस हजार! आलेली मुलं तेवढीच, पण दाटी दहापट. आणि पान दिसेना म्हटल्यावर मूल काय करतं? पुन्हा बटण दाबतं. आई तिच्या मोबाइलवर दाबते, मामा पुण्याहून दाबतो. सर्व्हरच्या दृष्टीनं ही सगळी नवीनच माणसं.

एका आठवड्यात दुसरी गंमत. अकरावी प्रवेशाच्या सीईटीची नोंदणी २० जुलैला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी बंद ठेवावी लागली. (ती सीईटीच पुढं १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, तो वेगळा विषय.) ३ ऑगस्टला बारावीचा निकाल लागला, तेव्हा मात्र तो बघायला एकापेक्षा जास्त संकेतस्थळं दिली होती. एका खिडकीच्या चार खिडक्या, एवढंच.

विद्यार्थ्याला मी फोन करून विचारलं की तुमच्या परीक्षेत पास-नापास कसं ठरवता? सरासरी काढता का? तो हसला. "सर, सरासरी फसवते. शंभरातल्या नव्वद लोकांना एका सेकंदात पान मिळालं आणि दहांना मिनिटभर लागलं, तरी सरासरी सात सेकंदांच्या आत येते. म्हणून आम्ही शेवटच्या पाच टक्क्यांना किती वेळ लागला ते बघतो." मी चाट पडलो. अधिकारी तपासणीला आले की वर्गाची सरासरी सांगून आम्ही वेळ निभावून नेत होतो. शेवटच्या बाकावरच्या पाच पोरांना काय येतं, हे कुणी विचारत नसे आणि आम्हीही सांगत नसू.

त्याच्याकडूनच कळलं की यासाठी जेमीटर नावाचं फुकट मिळणारं साधन १९९८ पासून आहे. म्हणजे साधन नाही, पैसा नाही, ही सबब चालायची नाही. अमेरिकेकडं तर दोन्ही होतं. तिथं १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्यविम्याची सरकारी वेबसाइट उघडली. त्याच्या काही दिवस आधीच्या चाचणीत ती काही शे लोकांच्याच भारानं कोसळली होती. तरी तारीख ठरली म्हणून उघडलीच. लाखो लोक आले आणि पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती सहा जणांची. सहा! चाचणी झाली होती, उत्तरही मिळालं होतं, ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

आपल्या रेल्वेचं मात्र कौतुक करायला हवं. २००२ साली सुरू झालेल्या तिच्या तिकिटांच्या वेबसाइटला आपण सगळ्यांनी तत्काळच्या वेळी शिव्या दिल्यात. २०१४ साली नवी यंत्रणा आली आणि मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता सात हजार दोनशेवर गेली. पण मला जास्त आवडली ती जून २०१५ मधली युक्ती. वातानुकूलित डब्यांचं तत्काळ दहाला आणि बाकीच्यांचं अकराला. यंत्राला हात न लावता गर्दी दोन तुकड्यांत वाटली.

आमच्या भागात हे सगळं खरं जाणवलं ते जुलै २०१७ मध्ये. पीकविम्याची शेवटची तारीख ३१ जुलै. पोर्टल हळू, मराठवाड्यात बँकांपुढं रांगा. सोयाबीन-कापूस पेरून बसलेला माणूस पाऊस कसा पडतो ते बघून, हातात पैसे आले की शेवटच्या दोन दिवसांतच येणार. हे कुणालाही सांगता आलं असतं. शेवटी मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढवली. शहरातला माणूस घरी बसून रात्री दोन वाजता पुन्हा प्रयत्न करू शकतो. खेड्यातल्या माणसाला मजुरी बुडवून, भाडं खर्चून परत यावं लागतं.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बुधवारी तिचे वडील एकटेच आले. खिडकीवर तेव्हा कुणीही नव्हतं, दोन मिनिटांत दाखला मिळाला. घडी घालून धोतराच्या सोग्यात बांधता बांधता म्हणाले, "कालच तारीख गेली गुरुजी. आता राहू द्या. बघू पुढल्या साली."

पुढच्या वर्षी मी फळ्यावर तीन दिवस वेगवेगळे लिहिले. सोमवारी लांबच्या गावांची मुलं, मंगळवारी जवळच्या गावांची, गावातली सगळ्यांत शेवटी. बुधवारी दुपारी तीन वाजता लेखनिक रिकामा बसून पान लावत होता. मागच्या वर्षीच्या मुलीला अकरावीला घातली का, असं मी तिच्या गावच्या एका मुलाला विचारलं. तो म्हणाला, "तिचं लगीन झालं की सर, मार्गशीर्षात."